उजवा हात

५ जानेवारी, सोम.
आज परत हात उडाला. सोपा लाल बॉल, मधल्या खिशाच्या तोंडाशी. डोळे मिटून गेला असता. क्यूची काठी मागे नेली आणि पुढे आणताना मनगटाला आतूनच कुणीतरी हिसका दिला. पांढरा भलतीकडेच.
नोई खिडकीत चहा पीत उभी होती. बघितलं असेल का?
ती थायलंडहून इथे आलीय, मला शिकवायला, हेच अजून खरं वाटत नाही. आमच्या घराच्या तळमजल्यावरच्या स्नूकर क्लबात मी टेबलं झाडायचे, तेव्हा मोबाइलवर तिच्या मॅचेस बघायचे. पुरुषांच्या प्रोफेशनल टूरवर एकटी बाई. दोन वर्षं खेळली आणि अचानक दिसेनाशी झाली. आता कासार आंबोलीत एका स्नूकरवेड्या काकांच्या बंगल्यात माझ्यासमोर उभी. आणि त्याच टूरवर मला बोलावलंय. जूनपासून दोन वर्षं. ३१ तारखेपर्यंत हो की नाही कळवायचं.
आमच्या चांदे गावच्या चौकात फ्लेक्स लागलाय. ‘चांद्याची वाघीण’. फोटोत हातात क्यू. येता-जाता खाली मान.

८ जाने., गुरु.
आत्याचा पण आधी उजवाच हात. ताक पिताना भांडं दातांवर वाजायचं. आम्ही पोरं हसायचो. नंतर घास तोंडापर्यंत जाईना. कंपवात. त्यातच गेली.
सकाळी दार लावून तपासलं. कप धरला, स्थिर. सही केली, ठीक. सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. (शब्द बघ कुठला आला.)
म्हणजे फक्त क्यू धरल्यावरच. पण आत्याचंही कशावरून सुरू झालं होतं, कुणी विचारलं होतं?
अण्णा जेवताना : “हाताकडं काय बघतीयास सारखी?”
“काय न्हाई.”

१२ जाने., सोम.
पकड बदलली. क्यू बदलला. मनगटाला पट्टा. पहिला तास बरा गेला, मग सलग तीनदा.
नोईला सांगितलं, खांदा दुखतोय. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “कुठला?” उजवा, म्हटलं. थोड्या वेळाने बघते तर मी डावा चोळत बसलेली. तीही बघतच होती.
जेवण नाही गेलं. आईला वाटतंय उपास धरलाय.

१७ जाने., शनि.
आज जे झालं ते नीट लिहायला हवं.
नोईने हॉलचं दार आतून लावलं. माझा क्यू मागितला. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. दीड महिना झाला, हिने माझ्यासमोर एकही शॉट मारलेला नाही. बोटाने दाखवते, हातात हात धरून उभं करते, पण स्वतः नाही.
लाल बॉल ठेवला. वाकली. काय सुंदर वाकते! मोबाइलवर बघायचे तशीच, हनुवटी क्यूला टेकलेली. मागे नेला, आणि हात उडाला. माझ्यासारखाच. जास्तच. पांढरा उडून खाली, फरशीवर घरंगळत सोफ्याखाली.
मी तो काढायला वाकले आणि तशीच बसून राहिले. रडू आलं.
ती पण खाली बसली. जे बोलली ते तुकड्या-तुकड्यात : टूरचं पहिलं वर्ष संपता संपता सुरू झालं. कुणाला सांगितलं नाही. कोचला नाही, आईला नाही. पाठ दुखते म्हणून मॅचेस सोडल्या. एकदा कॅमेऱ्यासमोर शॉटच्या आधीच पांढऱ्याला क्यू लागला, फाउल, समोरचा हसला. त्यानंतर टूरवर खेळायचं कार्ड गेलं.
“लोकांना वाटतं मी पुरुषांना घाबरले. मी वाटू दिलं. हाताला घाबरले हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.”
मग : “मी लपवलं. तू लपवू नको. डॉक्टर. सोमवारी.”
तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी कबूल करायची वाट बघत होती. राग आला, आणि बरंही वाटलं.

२१ जाने., बुध.
सोमवारची वेळ नव्हती, आज मिळाली. पुण्याला मेंदूचे डॉक्टर. घरी सांगितलं, नोईला खरेदी करायचीय.
बाहेर बाकावर दीड तास. समोर एक आजोबा, हात थरथरत होते. नजर दुसरीकडे वळवता येईना. नोईने माझा हात मांडीवर घेऊन दाबून धरला.
डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावलं, पाण्याचा पेला धरायला लावला. शेवटी डॉक्टरांच्याच टेबलावर, सोबत नेलेला क्यू मारून दाखवला. तेव्हा उडाला, इमानदारीत.
“आत्याचं होतं ते हे नाही,” डॉक्टर म्हणाले.

पुढचं असं : एकच हालचाल हजारो वेळा करणाऱ्यांना होतं. लिहिणाऱ्यांना, वाजवणाऱ्यांना. जाईल? “जाईल, किंवा राहील. खात्री देता येत नाही.” व्यायाम दिलेत.
परतीच्या वाटेवर पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये कळलं, भीती गेली नाही, नुसती बदलली. मरणार नाही. पण जे एकच येतं, ते कदाचित...

२४ जाने., शनि.
अण्णांना सांगितलं. हरभऱ्यात होते, मागच्या वावरात. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, नाहीतर जमलं नसतं.
“आक्काला झालं त्ये?” आधी बहिणीचंच विचारलं. चेहरा पांढरा.
“न्हाई. डॉक्टरांनी सांगितलंय, त्ये न्हाई.”
“मग बरं हुईल?”
“सांगता येत न्हाई म्हणाले.”
अण्णा बांधावर बसले. ढेकूळ हातात घेऊन फोडत राहिले.
“मग कशाला जातीयास? समद्या जगासमोर हात उडला तर?”
भ्या वाटतंय, एवढंच मी म्हणाले. लहानपणानंतर पहिल्यांदा.
जरा वेळाने, माझ्याकडे न बघता : “त्यो फ्लेक्स काढायचा का गं?”
“राहू द्या.” कसं तोंडातून गेलं कुणास ठाऊक.

२९ जाने., गुरु.
नोई म्हणाली, एकदा लोकांसमोर उडू दे. मी म्हटलं, मग तू पण खेळ. अर्ध्या तासाने म्हणाली, पाच फ्रेम. म्हणजे पाच डाव.
तर आज दुपारी बंगल्यात मॅच. बघायला बंगलेवाले काका, आई, अण्णा, क्लबातले चार जण. नोई तीन वर्षांनी माणसांसमोर खेळणार. सुरू व्हायच्या आधी बाथरूममधून ओकण्याचा आवाज. तोंड धुऊन आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. बर्फ.
पहिल्याच फ्रेममध्ये माझा उडाला. आईने पदर तोंडाला लावला. पुढच्याच खेळीत नोईचा. क्लबातले एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी (नोईने त्यांना आधीच सांगितलं होतं) सरळ सांगितलं, दोघींनाही हा त्रास आहे, बघायचं तर गप बघा.
हसलं कुणी नाही. हसतील असं मी महिनाभर धरून चालले होते.
मी ३-२ हरले. नोईने शेवटच्या फ्रेमला सलग ४६ गुणांचा ब्रेक केला, मधेच एकदा हात उडूनसुद्धा. खुर्चीत बसली आणि टॉवेल तोंडावर. खांदे हलत होते.

३१ जाने., शनि.
हो कळवलं.
पाठवून झाल्यावर परत घेता येतं का, तेही शोधलं. येत नाही.

३ फेब्रु., मंगळ.
नोईने थायलंडमधल्या बायकांच्या स्पर्धेत नाव दिलंय, मार्चमध्ये. “पहिल्याच फेरीत बाहेर,” म्हणाली. डोळे मोठे, अगदी घाबरलेली. पण नाव दिलंय.
आज ती झोपली होती. खालच्या क्लबात एकटीच सरावाला. आई भाजी निवडायची परात घेऊन आली, खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत इथे पहिल्यांदा.
“आता कुटला मारायचा?”
“निळा.”
“मग मार की. थांबलीयास कशाला?”
वाकले. क्यू मागे नेला. हात उडाला. निळा कडेला आपटला, फिरला, आणि समोरच्या खिशात पडला. आईने भाजी टाकून टाळ्या वाजवल्या.
चुकून गेला, हे तिला सांगितलं नाही. जूनमध्ये टूरवर समोर जो खेळाडू बसला असेल, त्याला मात्र कळेल.