सीमेवरचे दोन थर

१ ऑक्टो.
खंडेनवमी. लॅबमध्ये फिल्म म्हणजे काही अणूंइतके पातळ थर बनवायच्या चेंबरची पूजा. झाकण उघडंच होतं. नारळ माझ्या गाईड सरांनी फोडला, कुंकू मी लावलं. बोट आतल्या काठाला लागलं असेल. लगेच पुसलं.

१६ ऑक्टो.
पूजेनंतर बनवलेल्या फिल्मचा मायक्रोस्कोपचा फोटो आला. अणूंच्या रांगा स्वच्छ. वर लँथॅनमची फिल्म, खाली स्ट्रॉन्शियमचा स्फटिक. पुस्तकात दोघांमधली सीमा सुरीनं कापल्यासारखी असते. इथं पहिल्या दोन थरांत दोघांचे अणू एकमेकांच्या जागी जाऊन बसलेत. घरी येताना होटगीपर्यंत गाडीत उभीच राहिले, जागा असून. आनंदानं बसवेचना.

१७ ऑक्टो.
सर म्हणाले, "कुंकवात चुना असतो. तो आत गेला, म्हणून सीमा पुसट झाली. गबाळेपणा तुझा." पेपरातल्या आकृतीत सीमा म्हणून सरळ रेघ काढायची म्हणे. रेघ काढली तर पेपर जाईल आणि माझी पीएच.डी. मार्गी लागेल. नाही काढली तर...
गबाळेपणा म्हणे. संतापले आहे.
जेवताना आईला सांगितलं.
"तुला काय दिसतंय?"
"मिसळलेलं."
"मग सरळ हाय म्हणून कशाला लिवतीस? दिसतंय तसं लिव की."

१८ ऑक्टो.
कपाटात सप्टेंबरची फिल्म सापडली. पूजेआधीची! कुंकवाचा संबंधच नाही. सरांना न विचारता मायक्रोस्कोपवर तपासायला पाठवली. ओरडले तर ओरडू देत.

११ नोव्हें.
सप्टेंबरच्या फिल्मचा फोटो आला. तेच. दोनच थर, तशीच अदलाबदल. लॅबमध्ये एकटीच हसत बसले.

१२ नोव्हें.
दोन्ही फोटो सरांसमोर ठेवले. त्यांनी आलटून पालटून बघितले. मग, "दोन नमुन्यांनी काय सिद्ध होतं? परीक्षक फाडून खातील. सरळ रेघच मार."
"रेघ मारायची तर पेपरातून माझं नाव वगळा, सर."
"विचार करून बोल."
"केलाय."
फोटो उचलून बाहेर आले. भीती वाटते, पण खोटी रेघ मारणार नाही.

१३ नोव्हें.
तिसरी फिल्म सुरू केली. आधी झाकण घट्ट बंद केलं, मग चेंबरला बाहेरून कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत. सर दारात येऊन बघून गेले. पेपर अजून त्यांच्याकडेच आहे.