डाव्या सीटवरची मांडी

उस्ताद, तुमची पांढरी आठशे अजून चालते. हे आधी सांगतो, कारण तुम्ही असतात तर गाडीची खुशाली पहिली आणि माझी नंतर विचारली असती. डावं दार अजूनही थोडं उचलूनच लावावं लागतं, मागची एक काच अर्ध्यावर अडकते, आणि थंडीत पहिल्या किल्लीला ती नुसती खोकते. मी रोज सकाळी ऑइलची काडी पुसून बघतो, रेडिएटरचं पाणी बघतो, चारही टायर दाबून बघतो, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून बघतो. दुसऱ्यांदा बघायचं तुम्ही शिकवलं नव्हतं, ते माझं आहे. गल्लीतली पोरं तिला डबा म्हणतात. पण हा डबा स्वतःहून कधी रस्त्यात उभा राहिला नाही. एकदाच राहिला, तो माझ्यामुळे. त्याचंच लिहायला बसलो आहे.

तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलाने ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं आणि गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक येईना. दोन्ही बाजूंना क्लच-ब्रेक असलेली गाडी घरी वापरायला कोण नेणार? मी नेली. सगळ्यांना वाटलं, स्वस्तात मिळाली म्हणून नेली. मी ती डावीकडच्या पेडलांसाठी घेतली. कागदावर शिकवायची गाडी बदलून घरची करायची तर ती पेडलं काढून दाखवावी लागतात, म्हणून मिस्त्रीकडून काढून घेतली, आरटीओत गाडी दाखवून आणली, आणि आठ दिवसांनी त्याच मिस्त्रीकडे जाऊन परत बसवली. मिस्त्री हसला. म्हणाला, बायकोला शिकवायचं का? तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. मी हो म्हणालो.

मी निलंग्याकडून नववी अर्धी टाकून नांदेडला आलो तेव्हा रेडियमच्या दुकानात अक्षरं कापत होतो. तुमच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या काचेवरचा लाल एल मीच कापला होता. तुम्ही तो बोट फिरवून बघितला आणि म्हणालात, एवढा सरळ हात असलेला माणूस गाडी का शिकत नाही? त्या एका वाक्यावर मी आलो. कौठ्याच्या मोकळ्या जागेत सकाळी साडेसहाला आपण जायचो. एक जण चालवणार आणि बाकीचे तिघे मागच्या सीटवर गुडघे जोडून आपल्या पाळीची वाट बघत बसणार. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई होत्या, बिलोलीचा एक थोराड पोरगा होता, आणि एक रिटायर झालेले काका, ज्यांना स्टिअरिंग हातात आलं की जांभया यायच्या. तुम्ही डाव्या पायातली चप्पल काढून अनवाणी पाय ब्रेकवर ठेवायचात. चामड्यातून काही कळत नाही म्हणायचात. मी प्रत्येक गिअरच्या आधी विचारायचो, टाकू का? एकदा तुम्ही वैतागलात.

"हर वक्त मला विचारतोस. मी मेल्यावर कोणाला विचारशील?"

मागे सगळे हसले. मीही हसलो, आणि तिसरा टाकायचा तो पहिला टाकला.

परीक्षेचं तिथे कोणी बोलायचं नाही. बोलायचे ते मांडीचं. ज्या दिवशी तुम्ही ब्रेकवरचा पाय उचलायचात, दोन्ही पाय त्या एवढ्याशा सीटवर घेऊन मांडी घालायचात आणि खिशातले फुटाणे खायला लागायचात, त्या दिवशी तो माणूस ड्रायव्हर झाला. लायसन्स नंतरची गोष्ट. बाईंच्या वेळी मी मागे होतो. लातूर फाट्याच्या आधी तुम्ही पाय वर घेतलेत. बाईंना आरशातून कळलं नाही, बिलोलीच्या पोरानेच मागून सांगितलं, "बाई, उस्ताद जेवायला बसले." बाई रडायला लागल्या, पण गाडी जराही डगमगली नाही. तुमचे डोळे अर्धे मिटलेले होते. मला वाटलं, किती हा भरवसा.

माझी पाळी आली तो दिवस मला रोज दिसतो. पुलावरून उतरतो आहोत, पुढे रस्ता मोकळा आहे, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं की तुमचा पाय ब्रेकवरून उचलला जातो आहे. एक गुडघा वर आला. आणि मी म्हणालो, उस्ताद, पाय खाली ठेवा. मागे कोणी हसलं नाही. तुम्ही पाय खाली ठेवलात. म्हणालात, "बरं. तू सांगशील तेव्हा." मी कधी सांगितलं नाही. लायसन्स मिळालं, पेढे घेऊन आलो, तुम्ही अर्धा पेढा मला परत भरवलात, पण मांडी राहिली ती राहिलीच. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. त्यालाही आता दहा वर्षं होतील.

माझी बायको नर्स आहे. दीड वर्षापूर्वी तिला लोह्याच्या पुढे, फाट्यावरून पाच किलोमीटर आत असलेल्या गावच्या उपकेंद्रात नेमणूक मिळाली. त्या गावाला दिवसातून दोनच बस, त्यातली एकही तिच्या वेळेची नाही. म्हणून दीड वर्ष मी सकाळी तिला सोडतो, नांदेडला येऊन अकराला माझं रेडियमचं दुकान उघडतो, साडेतीनला बंद करून पुन्हा तिला आणायला जातो. उस्ताद, मी फार थकलो आहे. चालवून नाही, घाबरून थकलो आहे. समोर ट्रक दिसला की माझी मान आखडते, ती घरी जाऊन जेवण झाल्यावर सुटते. येताना शेजारची सीट रिकामी असायची, म्हणून तिच्यावर मी रेडियमचा रोल उभा ठेवून त्याला बेल्ट लावायचो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तिने एकदा तो रोल बघितला. त्या रविवारी म्हणाली, मला शिकवा, मी माझी जाईन.

ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. टाकू का, असं तिने एकदाही विचारलं नाही. पंधरा दिवसांत शिकाऊ लायसन्स, मग रोज जाता-येता तीच चालवायला लागली, आणि मी तुमच्या जागेवर, चप्पल काढून. फरक एवढाच की तुम्ही पाय ब्रेकवर नुसता ठेवायचात. मी दाबायचो. म्हैस दिसली की, वळण आलं की, समोरून कोणी आलं की, तिच्या आधी माझा पाय. तिने काही दिवस सहन केलं. मग म्हणाली, अहो, गाडी मी चालवून राहिले का तुम्ही? मी म्हणालो, तूच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिना गेला, दोन गेले. पक्कं लायसन्स तिच्या पर्समध्ये आलं आणि तरी मी तिला एकटीला सोडेना. उद्या बघू, या आठवड्यात ऊस वाहतूक फार आहे, पुढच्या सोमवारी. गावातले लोक तिला विचारायचे, सिस्टर, साहेबांना रोज काही काम नसतं का?

मागच्या महिन्यात फाट्यावरून आत निघालो. एकपदरी रस्ता. कडेला उसाची ट्रॉली उभी होती. समोरून गावची सकाळची बस येत होती, पण लांब होती. तिने बघितलं, इंडिकेटर दिला, तिसऱ्यावर गाडी बाहेर काढली. सगळं बरोबर होतं. तुम्ही असतात तर फुटाणे खाल्ले असते. मला फक्त बस दिसली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी ट्रॉलीच्या शेजारी, रस्त्याच्या मधोमध बंद पडली. बस कर्कश आवाज करत आली आणि चार-सहा हातांवर येऊन थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईच्या हातात देता कशाला, मरायचं हाय का?" बसमध्ये तिच्याच गावची माणसं होती. खिडकीतून एक म्हातारी म्हणाली, "सिस्टर हाय व्हय. माय, आधी शिकून तर घ्या." तिने किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसती खोकली, दुसऱ्यांदा लागली. तिने गाडी मागे घेतली, बस गेली, आणि ती उपकेंद्रापर्यंत चालवत गेली. चूक माझी होती हे त्या बसला सांगायला मला तोंड होतं, पण मी तळपायाकडे बघत बसलो.

रात्रीच्या भाकरी थापताना तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "त्या गावात मी लोकांच्या लेकरांना सुई टोचते. माझ्या हातावर त्यांचा भरवसा पायजे. तो आज तुम्ही घालवला." मग भाकरी तव्यावर टाकत, "एकतर तुम्ही चालवा, न्हाईतर मी." मी तिला तुमचं सगळं सांगितलं. फुटाणे, बाई, बिलोलीचा पोरगा, आणि माझं ते पाय खाली ठेवा. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, तुम्हाला घालता येते का मांडी त्या सीटवर? मी म्हणालो, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी लातूर फाटा ओलांडल्यावर ती म्हणाली, "घाला." मी चप्पल काढलेलीच होती. एक पाय घेतला, गुडघा दाराच्या हँडलला लागला. दुसरा घेतला, तो गिअरला लागू नये म्हणून धरून बसलो. तुम्ही एवढे उंच, तुम्ही कसे मावत होतात? बेल्ट गळ्यापाशी आला. फुटाणे आणायचं सुचलं नव्हतं. ती समोर बघत होती. सोनखेड येईपर्यंत माझे दोन्ही पाय बधिर झाले, म्हणजे दाबायचं म्हटलं तरी दाबता आलं नसतं. आणि मानेतलं काहीतरी सैल झालं.

आज सोमवार. ती एकटी गेली. पोचल्यावर फोन केला, म्हणाली पोचले, ठेवते, बायका बसल्यात. गेल्या आठवड्यात मिस्त्रीने पेडलं काढली, यावेळी तो हसला नाही. ती वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानातल्या कपाटात ठेवली आहेत. दीड वर्षांनी मी दुकान नऊला उघडलं, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून हे लिहितो आहे. हा कागदही त्या पेडलांजवळच राहील.

एक सांगायचं राहिलं. मांडी घातली त्या दिवशी उपकेंद्रासमोर तिने मला हलवलं आणि विचारलं, कशी चालवली? मी म्हणालो, एकदम छान. पण उस्ताद, सोनखेडच्या पुढचं मी काहीच बघितलेलं नाही. लोहा कधी गेलं, फाटा कधी आला, ट्रॉली होती की नव्हती, मला माहीत नाही. मला झोप लागली होती. बाईंच्या वेळी तुमचे डोळे अर्धे मिटलेले होते, तेव्हा तुम्हीही थकलेलेच होतात का?