अर्जातला एक जादा शब्द

सर,

तुम्ही ज्या वयात गेलात, त्याहून मी आता मोठी झाले आहे. तरी तुमच्याशी बोलायचं मनात आलं की मी अजून उठून उभी राहते. मी तुमच्या अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गातली, खिडकीजवळ बसणारी मुलगी. दुष्काळ नुकताच सरला होता, रेशनवर अजून तांबडी मिलो ज्वारी मिळत होती, आणि आपल्या गावातल्या शाळेत मॅट्रिकला इंग्रजी शिकवणारे तुम्ही एकटेच होता.

एके दिवशी तासाला तुम्ही फळ्याच्या मधोमध रेघ मारता. डावीकडे टायर्ड, हंग्री, कोल्ड. उजवीकडे परफेक्ट, कम्प्लीट, टोटल, अटर. "डावीकडच्यापुढं व्हेरी लावा, चालते. उजवीकडच्यापुढं नाई चालत. जे पुरं झालं त्याले आनखी किती पुरं करसान?" मग तुम्ही अटरवर खडू आपटता. "आपन ठार येडा म्हनतो, ठार बहिरा म्हनतो. ठार सुखी म्हनते का कोनी? तसाच हा अटर. वाईटालेच लागते. अन् एकदा लागला का त्या मानसापाशी काईच शिल्लक ठेवत नाई. म्हून जपून वापरा." सगळा वर्ग हसला होता. मी मात्र तो शब्द वहीत लिहून त्याच्याभोवती चौकट काढली. असा शब्द आपल्याला येतो, याचाच मला आनंद झाला होता.

त्याच वर्षी तुमच्या पत्नीचं, आम्ही ज्यांना बाई म्हणायचो त्यांचं, दुखणं वाढलं. त्यांना घेऊन तुम्हाला अकोल्याच्या दवाखान्यात जावं लागायचं, कधी दोन दिवस, कधी चार. बुडालेले तास तुम्ही रविवारी घरी घ्यायचात. दोन खोल्यांचं तुमचं घर. बाहेरच्या खोलीत पोत्यांवर आम्ही बारा जण, आणि आत चुलीजवळ पाटावर बसलेल्या बाई. खोकत खोकत त्या शेंगा भाजायच्या आणि दाराआडून सूप पुढे सरकवायच्या. एकदा मी आत पाणी प्यायला गेले, तर त्यांनी माझ्या पदरात मूठभर शेंगा जादा टाकल्या. म्हणाल्या, "सर म्हनतात तू लय पुढं जाशीन." हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुम्ही शाळेत का नसायचात आणि ते तास कसे भरून काढायचात ते मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

दिवाळीच्या आधी शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. तुमच्या जागी त्यांना पुतण्याला लावायचं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी मराठीत लिहिलेला एक अर्ज पुढे केला. सर वारंवार गैरहजर असतात, कामाकडे दुर्लक्ष करतात, अशा चार ओळी होत्या. "वरच्या सायबाले इंग्रजीत कागद गेला का वजन पडते," ते म्हणाले. "तुह्यासारखं इंग्रजी गावात कोनाचंच नाई. एवढं करून दे." मी तिथंच बसून करून दिलं. दुर्लक्षाला इंग्रजीत नेग्लेक्ट म्हणतात. तेवढं लिहून मला थांबता आलं असतं. मी पेन पुन्हा टेकवलं आणि त्याच्याआधी अटर लिहिलं. खाली मी सही केली, मग वर्गातल्या आणखी तिघांनी केली.

चौकशीचे साहेब येऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आमच्या ओसरीवर आलात. आईनं तांब्या-पेला ठेवला. तुम्ही पाणी प्यायलात आणि सदऱ्याच्या खिशातून दोन्ही कागदांच्या नकला काढल्या.

"इंग्रजी तुनं केलं?"

"हो सर."

"मराठीत तं नुसतं दुर्लक्ष हाय. अटर कुठून आनला?"

अंगणात गोवऱ्या थापलेल्या होत्या, त्या मी मोजत राहिले. तुम्ही म्हणालात, "शब्द बराबर लावला. जागाबी बराबर. मी शिकवलं तसाच." तुम्ही कागदांची घडी घालून पुन्हा खिशात ठेवली. "सायबानं तोच शब्द दोनदा वाचून दाखवला मले. म्हने, लेकरंच असं म्हनतात, आता तुमी काय सांगता?"

तेवढ्यात बाबा शेतातून आले. त्यांना काहीच कळेना. "काहून सर, पोरीचं काई चुकलं काय?" तुम्ही चपला घालत होता. "नाई भाऊ. इंग्रजी चांगलं हाय तिचं. मधीच शाळा सोडवू नोका, शिकू द्या तिले."

तुमच्या या एका वाक्यावर बाबांनी मला वाशिमला कॉलेजात घातलं, सर. आणि तुमची नोकरी गेली. माघात तुम्ही सामान बैलगाडीत भरून बाईंच्या माहेरी जऊळक्याला गेलात. मी शाळेच्या फाटकातून गाडी जाताना पाहिली, पुढे आले नाही. बाई तो उन्हाळा काढू शकल्या नाहीत. तुम्ही तिथे शिकवण्या घेत आणखी सहा वर्षं जगलात. बाई गेल्या, मग तुम्हीही गेलात, हे मला वाशिमच्या बसस्टँडवर वर्गातल्या एका मैत्रिणीकडून कळलं, तोवर तुम्हाला जाऊन वर्ष झालं होतं. त्या सहा वर्षांत आगगाडीनं अकोल्याला जाता-येता मी जऊळका स्टेशन कितीदा तरी ओलांडलं. गाडी थांबायची. एकदा मी पायरीपर्यंत आलेही होते.

पुढे सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून माझी सगळी नोकरी झाली. कोणाला नोटीस काढायची असली की साहेब सांगायचे आणि मी टाइप करायची. टोटल फेल्युअर, कम्प्लीट नेग्लिजन्स. ते शब्द आले की माझी बोटं अडायची. एकदा एका शिपायाच्या नोटिशीत मी धीर करून म्हटलं, "साहेब, टोटल काढू का? तो दोनच दिवस आला नव्हता." साहेब हसले. "बाई, तुम्ही टाइप करा." मी टाइप केलं.

नवऱ्याला, मुलीला मी ही गोष्ट सांगितली आहे. सांगताना नेहमी म्हणते की अध्यक्षांनी धमकावलं, बाबांचं शेत त्यांच्या शेताला लागून होतं, सोळा वर्षांची पोर काय करणार. ऐकणारे मान हलवतात. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला तेवढं खरं सांगते. मला कोणी धमकावलं नव्हतं. अध्यक्षांच्या बैठकीत बाबा, कागद कसला ते न कळता, दाराशी उभे होते आणि मला खुर्ची दिली होती. लिहून झाल्यावर मी तो अर्ज हळू आवाजात एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. तुमची आठवणसुद्धा झाली नाही. मला तो फार छान वाटला होता.