पाठ साडेअकरा इंच

बाबा, तुम्ही विणलेला स्वेटर आईने विणलाय असं मी मैत्रिणींना सांगितलं होतं, हे तुम्हाला कळलं होतं. पण ते मी कसं आणि किती वेळा सांगितलं, हे कळलं नसणार. आज तेच लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, आणि आता मला रिटायर होऊनही दोन-तीन वर्षं झाली. एवढा उशीर का केला, याला माझ्याकडे काही कारण नाही.

गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटून गेलं होतं. तेवीस वर्षं तुम्ही गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काढलीत, एका वेळी चार-चार साच्यांवर कापड विणलंत, आणि आता मुलुंडच्या आपल्या चाळीत भर दुपारी बारा वाजता घरी असायचात. आई साकीनाक्याला एका गाळ्यात विजेची बटणं जोडायला जाऊ लागली होती. सकाळी ती डबा घेऊन बाहेर पडायची आणि तुम्ही भात लावायचात. त्यावर घरात कोणी काही बोलत नसे. शेजाऱ्यांचे स्टोव्ह, पंखे, शिलाई मशिनं तुम्ही दुरुस्त करून द्यायचात. असंच एकदा कॉलनीतल्या पंजाबी आजींचं मशीन बघायला गेलात. सगळे त्यांना बीजी म्हणायचे. मशीन अर्ध्या तासात चालू झालं, पण तुम्ही घरी आलात तीन तासांनी. बीजी ओट्यावर बसून विणत होत्या आणि तुम्ही त्यांच्यासमोर उकिडवे बसून नुसते बघत राहिला होतात. आल्या आल्या मला म्हणालात, "गो, आमच्या साच्याक उभो नि आडवो, दोन धागे लागतत. ही म्हातारी एकाच धाग्यान कापड करता." किती महिन्यांनी तुमच्या तोंडून एवढं मोठं वाक्य ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा गेलात. बीजींनी विचारलं म्हणे, "सीखेगा? शरम तो नहीं आएगी?" तुम्ही मान हलवलीत. पंधरा दिवसांत एक मफलर झाला, मग दुसरा. मुलुंडच्या हवेत मफलर घालणार कोण, म्हणून आई हसायची, पण हसण्यात राग नव्हता. तेवढ्यात टेलिफोन खात्यातून माझं निवडीचं पत्र आलं. ट्रेनिंग तीन महिन्यांचं, तेही उत्तरेत, ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. आपल्या घरात गरम कपडा म्हणजे एक घोंगडी. बीजींनी त्यांच्या मुलाचा जुना, ढगळ, विटकरी रंगाचा स्वेटर तुमच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, हा उसव, पोरीला यातून कार्डिगन कर, पुढे बटणांचा. आणि साधा नको, वेण्यांचा कर. वेण्यांमध्ये ऊब राहते.

मी जमिनीवर बसले आहे. दोन्ही हात पुढे धरलेत आणि तुम्ही माझ्या मनगटांभोवती उसवलेली लोकर गुंडाळता आहात. लोकर शेवयांसारखी कुरळी झाली आहे. तुम्ही त्या लडी धुता, गॅलरीतल्या तारेवर टांगता आणि प्रत्येक लडीला खाली पाण्याने भरलेली बाटली बांधता. दोन दिवसांत धागा सरळ होतो. आई सुतळीने माझी मापं घेते, छाती, खांदा, बाहीची लांबी, आणि सुतळीला गाठी मारून तुमच्याकडे देते. वेणी घालायला एक जादा सुई लागते. तीन टाके तिच्यावर घेऊन पुढे धरायचे, पुढचे तीन आधी विणायचे आणि मग हे धरलेले. तुम्ही सायकलच्या तारेचा तुकडा कानशीने घासून तशी सुई केलीत. पाठीची चारेक इंच वीण झाली असेल, तेव्हा तुम्ही एकाएकी थांबलात. मधल्या वेणीचं एक वळण उजवीकडे जायचं ते डावीकडे गेलं होतं, पार खाली. तुम्ही सुई काढून घेतलीत आणि उसवायला लागलात. मी म्हटलं, "अहो बाबा, कोणाला दिसणार आहे? ते पाठीवर आहे." तुम्ही वर न बघता म्हणालात, "माका दिसता मा." आणि मग जरा कडक आवाजात, "असा काम करशीत तर फोन भलत्याक लागतले तुझे." नोकरी लागायच्या आधीच मला मिळालेला तो पहिला दम.

तोवर तुम्ही दारात स्टुलावर बसून विणायचात. गॅलरीत उजेड चांगला असायचा. एका संध्याकाळी संपातलेच तिघं-चौघं जिन्याने वर येतात. त्यातला एक थांबतो आणि म्हणतो, "काय राव, आता बांगड्या कधी भरताय?" सगळे हसतात. तुम्हीही हसता, म्हणता, "माप घेवन ये, भरतंय." आणि टाके मोजत राहता. तुम्हाला काहीच झालं नाही, किंवा झालेलं मला दिसलं नाही. मी आत पोळ्या लाटत होते. ते लोक गेल्यावर मी बाहेर आले आणि म्हणाले, "दार लावून बसा ना बाबा. नाहीतर विणूच नका." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग स्टूल आत ओढलंत आणि दार लावलंत. आपल्या खोलीत दार लावलं की दिवसासुद्धा काळोख व्हायचा. त्यानंतर मी जाईपर्यंत तुम्ही दार लावून, दिवा लावून विणत होतात. मी ते रोज बघत होते. दार उघडा, असं मी म्हणाले नाही.

ऑक्टोबर संपताना मी गेले तेव्हा पाठसुद्धा अर्धीच झाली होती. थंडी पडायच्या आत पाठवतो, एवढं तुम्ही म्हणालात. मग तुमची पत्रं यायला लागली. तुम्ही पत्र लिहिणारे नव्हेत. गावी आजीला पत्र लिहायचं तर ते आईच लिहायची. पण आता दर आठवड्याला तुमच्या अक्षरातलं आंतरदेशीय पत्र यायचं आणि त्यात गिरणीच्या पाळीचा रिपोर्ट द्यावा तसा मजकूर असायचा. "पाठ साडेअकरा इंच. वेण्या तीन, वळणे प्रत्येकी नऊ. सकाळी जेवण करून बसतो तो चारपर्यंत विणतो. आईची तब्येत ठीक. पाणी एक वेळ येते." पुढच्या पत्रात, "पाठ संपली. खांद्यास उतार दिला. उजवी बाजू सुरू."

होस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी होतो. त्यातली एक बोरिवलीची. वडील बँकेत अधिकारी, घरी रेडिओग्राम. ती मनाने फार चांगली होती, हे आधी सांगते, कारण पुढच्यात तिचा काही दोष नाही. पहिलं पत्र आलं तेव्हा तिने विचारलं, "काय गं, काय लिहिलंय घरून?" मी म्हटलं, "आई स्वेटर विणतेय माझ्यासाठी." ते तोंडातून गेलं आणि मग परत घेता आलं नाही. ती म्हणाली, "वाच ना यार, माझी आई तर नुसती अभ्यास कर, अभ्यास कर लिहिते." मी वाचलं. वाचता वाचता तुमच्या "बसतो"चं मी "बसते" केलं, "विणतो"चं "विणते" केलं. "आईची तब्येत ठीक" आलं तिथे "बाबांची" वाचलं. एवढं सोपं होतं ते. दर आठवड्याला तसंच वाचायचे. पत्र आलं की तिघीही माझ्या कॉटवर येऊन बसायच्या. बोरिवलीची बाकीच्या दोघींना हिंदीत सांगायची, आज किती इंच झाला ते. नोव्हेंबरअखेरीला पहाटे नळाचं पाणी हाताला लावता येत नव्हतं. ती मला तिची शाल द्यायची आणि म्हणायची, "तुझा येईपर्यंत."

मग तुमचं ते पत्र आलं. "डावी बाही कोपरापर्यंत झाली. लोकर पुरणार नाही. वेण्यांना जास्त लागते हे माझ्या लक्षात आले नाही. काय करावे ते बघतो." खोलीत सगळ्यांचे चेहरे पडले. एकीने सुचवलं, बाही अर्धी ठेवा. दुसरी म्हणाली, तसा रंग आता कुठे मिळणार? बोरिवलीची म्हणाली, "काकू करतील काहीतरी बरोबर, बघ तू." आठवडाभर रोज ती मला विचारायची, पत्र आलं का म्हणून. आणि ते आलं, "दोन्ही मनगटपट्ट्या व खालची पट्टी उसवली. त्यातली लोकर बाहीस वापरली. पट्ट्या निळ्या रंगात नव्याने विणल्या. मुद्दाम केल्यासारखे दिसते. बीजी बरे म्हणाल्या." त्या दिवशी आमच्या खोलीत एवढा आरडाओरडा झाला की वॉर्डनबाई बघायला आल्या.

पार्सल डिसेंबरच्या मध्यावर आलं. अंगात घातला तो खांद्यापासून मनगटापर्यंत कुठे ओढला गेला नाही की कुठे लोंबला नाही. पाठीवर तीन वेण्या, पुढे बटणपट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि सगळी वळणं एका दिशेची. वेणी कशी घालायची ते घरून लिहून मागव, असं मुलींनी मला सांगितलं. मी तुम्हाला लिहिलं आणि तुम्ही फुलस्केप कागदावर ओळीवार लिहून पाठवलंत. शेवटी तुमची सही होती. मी तो सगळा मजकूर माझ्या अक्षरात उतरवून काढला आणि सही सोडून बाकीचं त्यांना दिलं.

जानेवारीत परत आलो. मला घाटकोपरला पोस्टिंग मिळालं, त्या बोरिवलीच्या मैत्रिणीला अंधेरीला. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती आपल्याकडे आली. येऊ नको कसं म्हणणार? तुम्ही दारापाशी बसून वालाच्या शेंगा सोलत होतात. आई तव्यावर घावणे घालत होती. चपला काढून ती सरळ आईजवळ गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "काकू, काय सुरेख विणता हो तुम्ही! तुमच्या पत्राची आम्ही सगळ्या वाट बघायचो, माहितीय?" आईच्या हातात कालथा तसाच राहिला. "मी?" ती म्हणाली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी खाली मान घातली. मग तुमचा आवाज आला, शेंगांवरून नजर न काढता, "तिचो हात पयल्यापासून बरो आसा." एवढं बोलून तुम्ही उठलात, टोपलीतली सालं कागदात बांधलीत आणि कोपऱ्यावरून गोड काहीतरी आणतो म्हणून बाहेर गेलात. जिलब्या घेऊन आलात. तिला आग्रहाने वाढल्यात. बीजी, लोकर, वेण्या यांतलं काही बोलला नाहीत.

ती गेल्यावर आईने मला विचारलं, "काय गं हे? का सांगितलंस तसं?" तुम्ही म्हणालात, "असांदे. मापां तिनाच घेतल्यान मगे." आईचा राग त्याने गेला नाही, पण ती तवा उचलून घासायला लागली. तुम्ही माझ्यावर ओरडला असतात तर मी रडले असते, माफी मागितली असती, आणि तो विषय तिथे संपला असता. तुम्ही मला म्हणालात, "चाय ठेव." मी चहा ठेवला.

गिरणीने तुम्हाला परत घेतलं नाही. भांडुपला एका कारखान्याच्या गेटवर तुम्ही वॉचमन झालात. विणणं सोडलं नाहीत. बीजींच्या नातवंडांना टोप्या केल्यात, आईला एक शाल केलीत. दार उघडं ठेवूनच बसायचात पुन्हा, मी सांगितलं नव्हतं तरी. पण माझ्यासाठी दुसरं काही विणलं नाहीत, आणि मीही मागितलं नाही.

तुम्ही गेलात त्यानंतर आठव्या दिवशी ती बोरिवलीहून भेटायला आली. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने आईचे हात हातात घेतले आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाली, "काकू, तुम्ही विणलेला तो स्वेटर मला अजून आठवतो." आई तिच्याकडे बघत म्हणाली, "तो मी नाही विणला गं. मला सुया धरतासुद्धा येत नाहीत. ह्यांनी विणला." तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. मी खोटं सांगितलं होतं." मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे ती पत्रं काकांची होती?" मी मान हलवली. ती उठून तुमच्या फोटोपाशी गेली आणि तिथे उभी राहिली. मग मोठ्याने रडली, बाबा. मी त्या आठ दिवसांत रडले नव्हते तेवढी.

ही पानं मी कोणाला दाखवणार नाही. आईही आता नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की उशिरा का होईना, मी त्या दिवशी खरं बोलले. ते तसं नाही. आई त्या दिवशी गप्प राहिली असती, तर मीही गप्पच राहिले असते.