आधी पैसे, मग किल्ली

ती. आत्याला भाचीचा वाकून नमस्कार,

ज्या खोलीचं भाडं द्यायचं तिच्यात शिरल्याशिवाय अंगावर शिवलेले पैसे काढता येत नसतील, आणि पैसे दिल्याशिवाय खोलीत शिरता येत नसेल, तर माणसानं करायचं काय? कॉलेजात हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. विचारला असता तर आपल्या घरातली पहिली पदवी अजून घरी यायची असती. उत्तर मला आजही येत नाही. पण हे पत्र मी छपराखाली, खुर्चीवर बसून लिहिते आहे, तेव्हा आधी काळजी सोड आणि मग पुढे वाच. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे शिलाई मशीनला मोटर बसवलीस का? (नसशीलच. मोटर बसवली की मशीन आपलं ऐकत नाही, हे तू डॉक्टरांनाही पटवून आली असशील.) आईला म्हणावं जेवते आहे. बाबांना म्हणावं अभ्यास चालू आहे. बाकीचं पत्र मात्र तुझ्यापुरतंच ठेव, कारण यात तुझी अब्रूही थोडी गुंतलेली आहे.

आपल्या घरातून कुणी प्रवासाला निघालं की तुझा बंदोबस्त ठरलेला. काका जुनी मोटरसायकल घ्यायला गेले तेव्हा तू त्यांच्या बनियनला आतून खिसा लावलास, आणि बिचाऱ्यांना भर बाजारात विकणाऱ्यासमोर शर्टाची बटणं सोडावी लागली. मी तर परदेशी निघालेले. त्यामुळे मला खिसा नव्हे, अख्खा कमरपट्टा मिळाला. आत कप्पे, प्रत्येक कप्पा मशीनवर दुहेरी शिवून बंद, आणि कमरेवर बांधल्यावर गाठीवरही टाके. आत किती आहेत हे तू मला सांगितलंच नाहीस. ‘माहीतच नसलं तर तोंडातून निघणार कसं?’ असं म्हणालीस. त्या वेळी मी तुला बरंच सुनावलं. चोरकप्पा म्हणजे साऱ्या मानवजातीवर घेतलेला संशय आहे, आपण विश्वास ठेवला तरच समोरचा विश्वासाला जागतो, वगैरे. तू दातात दोरा धरून ऐकत होतीस, म्हणून मला वाटलं पटतंय. दोरा तुटल्यावर तू एवढंच म्हणालीस, ‘ठेव की विश्वास. पट्टा बांधून ठेव.’

पहिला घोटाळा विमानतळावर झाला. तपासणीच्या बाईंचा हात माझ्या कमरेवर आला आणि तिथेच थांबला. काय आहे म्हणाल्या. मी खोटं बोलत नाही, हे तुला माहीत आहे (याबद्दल तू अनेकदा डोक्याला हात लावला आहेस). पैसे आहेत, म्हणाले. किती? माहीत नाही. कुणाचे? माझे. तुमचे आहेत आणि किती आहेत ते तुम्हाला माहीत नाही? नाही, आत्याला माहीत आहे. मग आत्याला बोलवा. आत्या घरी आहे, तिचे गुडघे दुखतात. इथवर आल्यावर त्यांनी मला पडद्यामागे नेलं, पट्टा सगळीकडून दाबून पाहिला, उघडण्याची जागा शोधली आणि ती काही सापडली नाही. शेवटी त्यांनी हात टेकले आणि ‘जा’ म्हणाल्या. मात्र जाता जाता पर्समधली छोटी कात्री काढून घेतली. म्हणजे कुलूप माझ्याबरोबर विमानात बसलं आणि किल्ली मागे राहिली.

आता इथली व्यवस्था ऐक. पाणी तपासायला शिकवणारी ती प्रयोगशाळा मला विद्यावेतन देते, पण बँकेत. बँक खातं उघडून देते, पण पत्ता दाखवल्यावर. आणि पत्ता म्हणजे ही खोली, जिची घरमालकीण मुक्कामाचं सगळं भाडं एकदम आणि रोख घेते. खोली नाही तर काहीच नाही. आल्या पावली परत, आणि गल्लीभर बाबांनी सांगून ठेवलेलं सगळं पाण्यात. घरमालकीण उंच, करड्या केसांची, किल्ल्यांचा जुडगा गळ्यात घालणारी बाई आहे. (तुमची दोघींची गाठ पडली तर एक तर घट्ट मैत्री होईल, नाही तर पोलीस बोलवावे लागतील.) दारातच तिनं हात पुढे केला. खोलीत जाऊन काढून देते, मी म्हणाले. ती म्हणाली, ‘आधी पैसे, मग किल्ली.’ मी म्हटलं, पैसे अंगावर आहेत, काढायला आडोसा हवा. ती म्हणाली, आडोसा भाड्याचा आहे. मग न्हाणीघर तरी? ते भाडेकरूंसाठी. जिन्यावरून माणसं ये-जा करत होती, त्यामुळे तिथल्या तिथे काही करणं शक्यच नव्हतं. ती म्हणाली, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक खोली बघायला येतंय, पैसे पाकिटात घालून. पाकीट हा शब्द तिनं फार प्रेमानं उच्चारला. माझी बॅग तेवढी तिनं आत ठेवून घेतली. माझ्यावर दया म्हणून की तारण म्हणून, ते मी विचारलं नाही.

रस्त्यात एक सार्वजनिक स्वच्छतागृह होतं, पण आत जायला नाणं लागतं, आणि तू तर सुटे पैसेही पट्ट्यातच शिवले होतेस. मग एका बोळात कपडे दुरुस्तीचं दुकान दिसलं. आत एक जाडजूड शिंपी, भिंतीवर दोऱ्यांची रिळं, कोपऱ्यात पडदा लावलेली कपडे बदलायची जागा. मला तर माहेरी आल्यासारखं झालं. पडद्यामागे जाऊन मी ओढणीच्या पिनेनं गाठीवरचे टाके उसवले. त्यात नखं गेली, पण पट्टा सुटला. कप्प्यांपुढे मात्र पिनेनं मान टाकली. मी पडद्यातून हात काढून कात्री मागितली. शिंपी म्हणाला, ‘माझी कात्री मी कुणाच्या हातात देत नाही. पट्टा द्या, कापून देतो.’

आत्या, इथे माझी खरी परीक्षा होती. निबंध स्पर्धेत मी ज्याच्यावर लिहून बक्षीस मिळवलं तो विश्वास ठेवायची वेळ आली होती, आणि माझा हात पट्टा सोडेना. मी म्हटलं, पट्टा मी कुणाच्या हातात देत नाही. तो म्हणाला, मग राहू दे. मी म्हटलं, एक कात्री घेऊन मी पळून जाणार आहे का? तो म्हणाला, मागची एक गेली आहे. बराच वेळ पडद्याच्या एका बाजूला मी आणि एका बाजूला तो, दोघंही आपापल्या मालाला धरून उभे. शेवटी तोड निघाली ती अशी: पट्ट्याचं एक टोक माझ्या मुठीत, दुसरं फटीतून बाहेर, तो कापायचा आणि मी इंचाइंचानं पुढे सरकवायची. प्रत्येक कप्पा उघडला की तो तोंड फिरवून छताकडे बघायचा आणि मी हात घालायची. मधेच त्यानं विचारलं, हे शिवलं कुणी? मी म्हटलं, आत्यानं. तो म्हणाला, तिला माणसं आवडत नाहीत का? मी म्हटलं, आवडतात, पण बंद करून. त्यानं मजुरी घेतली नाही. उद्घाटनाला बोलावल्यासारखं वाटलं, म्हणाला.

परत आले तर पाकीटवाला आधीच येऊन वर खोलीत उभा. तो खिडकी लहान आहे, गादी जुनी आहे, असं म्हणत एकेक करून भाडं उतरवत होता, आणि घरमालकिणीचा चेहरा प्रत्येक शब्दासरशी आवळत चालला होता. मी मुकाट्यानं नोटा पुढे केल्या. तिनं एक उजेडात धरली आणि तेव्हा कुठे मला दिसलं. नोट हलू नये म्हणून तू पट्ट्याच्या शिवणीत नोटांच्या कडाही घेतल्या होत्यास, आत्या. प्रत्येक नोटेला किनारीसारखी भोकांची ओळ. पाकीटवाला हसून म्हणाला, खोट्या असतील. तिनं ती भोकं बोटानं चाचपली, माझ्या मोडलेल्या नखांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘खोट्या नोटा एवढ्या जपून कोण शिवेल?’ मग तिनं त्याला जिना दाखवला. भाडं भागलं, थोडे वरही राहिले, खोली माझी झाली, पत्ता मिळाला, खातं उघडलं. माणसावरचा माझा विश्वास पूर्ववत झाला आहे, आणि यापुढे मला कसलाही बंदोबस्त शिवून पाठवू नकोस, एवढंच सांगायला हे पत्र.

तुझी,
शिकलेली भाची

ता. क. घरमालकीण लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. परत येईपर्यंत बाकीच्या खोल्यांचं भाडं गोळा करून सांभाळायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं. जिच्याकडून पैसे काढायला कात्री लागते तिच्याकडे पैसे टिकतील, असं तिचं म्हणणं. तेव्हा वर लिहिलेलं विसर आणि एक नवा पट्टा पाठव. थोडा रुंद. नोटांच्या कडा वगळून शिव.

ता. क. पट्ट्याबरोबर, बाबांना न सांगता, एका खोलीच्या भाड्याएवढे पैसे पाठवता आले तर बघ. मोटरसाठी बाजूला ठेवले असशील त्यातले चालतील. मला ते नकोच आहेत, पण घरमालकीण येण्याआधी हिशेब पुरा दिसायला हवा. कारण तेवढं एक विचारू नकोस.

ता. क. विचारशीलच. काल कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीसाठी एक नवीन भाडेकरू आला. दमलेला होता. दारात उभा राहून म्हणाला, पैसे आहेत, पण ते आत गेल्याशिवाय काढता येणार नाहीत. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि नंतर कमरेकडे. पट्टा वगैरे काही दिसला नाही. किल्ली मी त्याला दिली आहे.