मेट्रोला केलेला हात

ति. आबा,

पाया पडते. तुमी माझा फोन घेत न्हाय, म्हणून लिहिते. पोरीनं मेट्रोची गाडी चालवलेली तुमाला पसंत न्हाय, ते आईनं सांगितलं.

मी बरी हाय. मेट्रो जमिनीखालनं जाती खरी, पण आत लख्ख उजेड असतो. भ्या वाटत न्हाय.

परवा मात्र साहेबांची बोलणी खाल्ली. दारं लावायची वेळ झाली अन् कॅमेऱ्यात एक म्हातारबाबा दिसले. धोतर सावरत, आपल्या वरकुट्याच्या फाट्यावर एसटीला करतात तसा हात करत येत होते. मी दारं उघडीच ठेवली, अन् मागच्या सगळ्या गाड्या खोळंबल्या. "ही काय एसटी आहे का?" साहेब म्हणाले. चूक माझीच होती.

पण आबा, त्यांची चाल बघून मला आधी तुमीच वाटलात.

गुडघा कसा हाय? उसाला पाणी द्यायला गोकुळदादाला धाडा, तुमी चिखलात उतरू नका.

एकदा या. मेट्रोला हात करावा लागत न्हाय, ती प्रत्येक ठेशनात थांबतीच. पण सवयीनं केलातच, तर मी पुन्यांदा बोलणी खाईन.

तुमचीच,
स्वरूपा