वरचा आणि इतर सहा

६ जानेवारी
ठरलं. दावा ठोकायचा. बेडरूमच्या छताला फुगवटा आलाय, तोही बरोबर हिच्या उशीवर. वरच्याच्या बाथरूममधून पाणी मुरतंय. हिचं म्हणणं, वर जाऊन नीट सांगून या. मी म्हटलं, सांगण्याचे दिवस गेले, आता कायदा. वरचा व्यायामशाळेत कोच आहे आणि त्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे, पण या निर्णयाशी त्याचा काही संबंध नाही.

७ जानेवारी
जिन्यात वरचा भेटला. काय काका, बरंय ना, म्हणाला. आवाजात धमकी होती. मी भिंतीला चिकटून वाट दिली. मॅनर्स.

१० जानेवारी
वकीलबाईंकडे गेलो. घर दोघांच्या नावावर, म्हणून दावा करणारे दोघं: वादी क्रमांक एक मी, दोन ही. बाई म्हणाल्या, प्रतिवादी एकच पुरे, वरचा. कागदावर त्याचं एकट्याचं नाव, समोर माझं, आणि समन्स घेऊन आलेला बेलीफ त्याच्या दारात. माझं दार नेमकं त्याच्या खाली. विचार करून सांगतो म्हटलं.

११ जानेवारी
आंघोळ करताना सुचलं. एकट्यावर केस केली तर तो म्हणेल, काकांनी माझ्यावर केस केली. सात जणांवर केली तर म्हणेल, काकांचं डोकं फिरलंय. दुसरं केव्हाही परवडलं. ही भीती नाही, स्ट्रॅटेजी आहे.
माणसं जमवली. सोसायटीचे चेअरमन, त्यांनी लक्ष दिलं नाही. प्लंबर, त्याने वरचा पाइप जोडला. रंगारी, त्याने फुगवट्यावर रंग फासला. बिल्डर. घराचा आधीचा मालक. तरी एक कमी पडत होता. मेव्हण्याला घेतलं. हे घर त्यानेच सुचवलं होतं.

१३ जानेवारी
मागण्याही वाढवल्या. नुसतं लीकेज एकटं दिसतं. वरच्याच्या डंबेल्सची धाडधाड, रंगाऱ्याने चुकवलेली शेड, चेअरमननी माझ्या स्कूटरला पाडलेला ओरखडा. बाई म्हणाल्या, एका दाव्यात पुष्कळ जण बसतात, पुष्कळ मागण्याही बसतात, पण सगळ्यांना जोडणारी घटना एक हवी. मी म्हटलं, एकच आहे की, सगळं माझ्यावरच घडलंय. बाईंनी चष्मा काढून पुसला.
वरच्याला मी सातव्या क्रमांकावर ठेवला होता. बाईंनी उचलून पहिला केला. आता दावाच 'वरचा आणि इतर सहा' यांच्याविरुद्ध झालाय.

१४ जानेवारी
भावाचं नाव वाचून ही म्हणाली, माझ्या भावाने तुमचं काय घोडं मारलंय. समजावलं की तो फक्त गर्दीसाठी आहे. छत पडायच्या आत काहीतरी होऊ दे, म्हणून तिने सही केली. त्यानंतर अबोला.

९ फेब्रुवारी
समन्स पोचलं. वरची धाडधाड बंद. अगदी शांत. म्हणजे तो विचार करतोय. चपला हातात घेऊन जिना उतरलो, गुडघ्यांना बरं पडतं.

१७ फेब्रुवारी
छताचा मोठा पोपडा पडला. हिच्या उशीवर. ही नुकतीच चहा ठेवायला उठली होती. ती तिथे असती तर, याच्यापुढे विचारच होत नाही. ही म्हणाली, आता तरी वर जा. उद्या जातो म्हटलं. पलंग हॉलमध्ये ओढला.

१८ फेब्रुवारी
गेलो नाही. सर्दी.

५ मार्च
तारीख. सातही प्रतिवादी एका बाकावर. मला वाटलं होतं, आपापसात भांडतील. मेव्हणा वरच्याला पाण्याची बाटली देत होता. प्लंबर कसलासा किस्सा सांगत होता आणि बिल्डर पोट धरून हसत होता. आपल्यामुळे माणसं जोडली गेली, असं मनाला समजावलं.
न्यायाधीशबाईंनी विचारलं, स्कूटरच्या ओरखड्याचा छताशी संबंध काय. मग एकेक नाव उडवायला लागल्या. रंगारी गेला, चेअरमन गेले, मेव्हणा तर हिला हात करून गेला. बाकावर उरला वरचा. आता नेमकं सांगा, तुमची तक्रार कुणाविरुद्ध, असं त्यांनी मला विचारलं. वरच्याने मान वळवून पाहिलं.
मी म्हटलं, तशी कुणाविरुद्धच नाही. दावा मागे घेतो.
तेवढ्यात ही उठली. म्हणाली, मला नाही घ्यायचा.

६ मार्च
वकीलबाईंनी समजावलं. दोन वाद्यांपैकी एकाला परस्पर दावा गुंडाळता येत नाही. घर दोघांचं, म्हणून मला सोडूनही देता येत नाही. जो या बाजूला राहत नाही त्याला उचलून त्या बाजूला बसवतात. शिवाय बाई आता हिच्या वकील, माझा मी बघावा. तात्पुरतं आहे. ही वितळेल.

२ एप्रिल
प्रतिवादी क्रमांक दोन: मी. बाकावर वरच्याने सरकून जागा दिली. काका, वकील केलात का, म्हणाला. नाही म्हटलं. मग माझाच घ्या, म्हणाला, आपण एवढंच सांगायचं की छत पहिल्यापासून तसंच होतं. होतं ना, काका?
मी म्हटलं, होतं.
ही समोरच्या बाकावर एकटी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत तो पोपडा. तिला ऐकू गेलं असावं. घरी जाताना बसमध्ये तिच्या शेजारी बसलेलं चालतं का, हे कुणा वकिलाला विचारलं पाहिजे.